लाल शाईची नोंद

हिंजवडीत तू नेमकं काय करतेस, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोक किती खोटं बोलतात ते मोजते. कंपनीत या कामाला बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणतात. नोकरीला लागणाऱ्यानं अर्जात लिहिलेलं शिक्षण, अनुभव, पत्ता खरा आहे का, हे आम्ही तपासतो. एखाद्यानं अडीच वर्षांचा अनुभव लिहिला आणि निघाला दोन वर्षं चार महिने, की मी शेरा मारते आणि त्याची नोकरी जाते. चार वर्षांत मी अशा दोनेकशे पोरांचं भलं केलंय. कंपनीनं त्याबद्दल मला काचेचं स्मृतिचिन्हही दिलं. त्यावर माझं नाव 'वृषाली'ऐवजी 'विशाली' असं कोरलंय. ते मात्र कुणी तपासलं नव्हतं.

आमच्या घरातला सर्वांत मोठा अनुभव मात्र पन्नास वर्षं तपासायचा राहून गेला होता. तो माझ्या आजोबांचा.

आजोबा म्हणजे कुशाबा ओव्हाळ, वय शहात्तर. कोळवण खोऱ्यात दांडेवाडी नावाचं आमचं गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती, तिथं आमचं घर. आबा सैन्यात होते, तेही विमानातून उडी मारणाऱ्या पॅराशूट पलटणीत. गावाला हे नाव कधी झेपलं नाही. गावानं त्यांना 'छत्रीवाला कुशा' केलं.

छत्रीवाल्या कुशाची गोष्ट दांडेवाडीत लहान पोरालाही पाठ होती. एकाहत्तरच्या लढाईत तो आभाळातून थेट शत्रूच्या छातीवर उतरला, पकडला गेला आणि अठरा महिने लाहोरच्या तुरुंगात राहिला. तिथं त्याचे अतोनात हाल झाले, पण त्यानं तोंडातून एक शब्द काढला नाही. दर पंधरा ऑगस्टला ही गोष्ट शाळेत सांगितली जायची आणि दर वर्षी तिच्यात एक हाल वाढायचा. मी पहिलीत होते तेव्हा आबांची दोन नखं उपटलेली होती. मी दहावीला जाईपर्यंत दहाच्या दहा गेली. मी घरी येऊन आबांचे हात बघायची, तर नखं जिथल्या तिथं आणि त्यांत शेतातली माती. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "पुन्हा उगवली. देशप्रेमानं काय होत नाही?"

आबांनी एक शब्द काढला नाही, हे मात्र खरं होतं. तुरुंगाचं नाव निघालं की ते उठून म्हशीला वैरण टाकायला जायचे. आमच्या म्हशी त्यामुळे चांगल्या पोसलेल्या असायच्या.

गेल्या गणपतीनंतर एका रविवारी अण्णासाहेब आमच्या दारात आले. अण्णासाहेब हे गावचे माजी सरपंच. सरपंचपद गेलं तरी 'साहेब' मागं राहिला, तसा तो चिकट असतो. शहरातल्या लोकांना फार्महाउससाठी जमिनी दाखवणं हा त्यांचा धंदा आणि जिल्हा परिषदेचं तिकीट हे त्यांचं स्वप्न. त्यांच्या तोंडी आबांचं नाव कसं वाढत गेलं, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. आधी 'कुशा', मग 'कुशाबा'. त्या दिवशी दारातूनच हाक आली, "कुशाबाबा हायेत का घरात?" मी ओळखलं, निवडणूक जवळ आली.

"गावाच्या तोंडाशी कमान बांधायची," ते खुर्चीत बसत म्हणाले. "शौर्य कमान. वर कुशाबाबांचं नाव आणि खाली समदी हकिकत, अठरा महिने पाकिस्तानच्या तुरुंगात वगैरे. फार्महाउसवाले येतात-जातात, त्यांना कळंल तरी गाव साधं न्हाई. निधीचं वरती बोलून ठेवलंय. फक्त फाइलीला सैन्याची अधिकृत सेवा-नोंद जोडायला लागती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वृषालीताई, तुमी कंपनीत हेच करता ना? तेवढी नोंद काढून आणा."

मी अण्णासाहेबांच्या तोंडून पहिल्यांदाच 'ताई' झाले होते. आबा भिंतीला टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "आन कागद. कागद आला म्हंजे बोलू."

आणि म्हशीकडे गेले.

मी सैन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज केला. आधी उत्तर आलं की मूळ डिस्चार्ज बुक जोडा. ते नव्वद साली वाळवीनं खाल्लं होतं. पानं गेली, नुसता पुठ्ठा उरला होता, तो मी जोडला. मग उत्तर आलं की संबंधित व्यक्ती हयात आहे का ते कळवावे. मी आबांनाच कार्यालयात घेऊन गेले. कोट घातलेले, छातीवर तीन पदकं लावलेले आबा खिडकीसमोर ताठ उभे राहिले. आतल्या माणसानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, फायलीत पाहिलं आणि विचारलं, "हयातीचा दाखला आणलाय का?"

"हे काय, समोर उभे आहेत," मी म्हणाले.

"ते दिसतंय हो मॅडम. पण ते फायलीला कसे जोडू?"

दाखला आणला आणि आबा अधिकृतरीत्या जिवंत झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टानं जाड लिफाफा आला.

रविवारची सकाळ होती. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याची रास पडली होती. माझी आजी गंगूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. आबा उन्हात पाय पसरून होते. मी लिफाफा फोडला. आत सात पानं होती, इंग्रजीत टाइप केलेली, निम्मे शब्द संक्षेपात. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले.

भरती, अडुसष्ट साल. उंची पाच फूट चार इंच. वजन बावन्न किलो. सत्तर साली पॅराशूटचं प्रशिक्षण पूर्ण. प्रशिक्षणातल्या आणि नंतरच्या उड्या एकोणीस.

"ईस," आबा म्हणाले.

"इथं एकोणीस लिहिलंय."

"इसावी लढाईतली. ती पुढं आसंल बघ."

ती पुढं होती. अकरा डिसेंबर एकाहत्तर: पूर्व आघाडीवर हवाई उतरणीनंतर बेपत्ता. आणि खाली लगेच दुसरी ओळ. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि कामाच्या सवयीनं बोटांवर दिवस मोजले.

"सोळा डिसेंबर एकाहत्तर," मी म्हणाले. "शत्रूच्या ताब्यातून परत, पलटणीत हजर."

अंगणात सुपाचा आवाज चालू होता.

"आबा, हे पाच दिवस होतात."

"व्हय."

"अठरा महिने?"

"ते खाली बघ."

खाली होतं. फेब्रुवारी बाहत्तर ते ऑगस्ट त्र्याहत्तर: घोट्याच्या दुखापतीमुळे उडीस अपात्र. भारतातील युद्धकैद्यांच्या छावणीत पहाऱ्याच्या कामावर.

म्हणजे आबा अठरा महिने कैद्यांच्या छावणीत होते, यात तसूभर खोटं नव्हतं. फक्त ते तारेच्या बाहेरच्या बाजूला होते, हातात बंदूक घेऊन.

माझ्या टेबलावर हा अर्ज आला असता तर मी तीन मिनिटांत निकाल लावला असता. आता मात्र मी पान मांडीवर उलटं ठेवलं. मी आबांकडे पाहिलं. ते गालात हसत होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना या विषयावर हसताना पाहिलं नव्हतं.

"तुम्ही सगळ्या गावाला फसवलंत?"

"म्या?" ते म्हणाले. "म्या काय केलं? इचार तुझ्या आजीला."

आजीनं सूप खाली ठेवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि लग्नाला सहा महिने झाले तोच लढाई लागली. डिसेंबरात तार आली की नवरा बेपत्ता. तो सापडल्याची दुसरी तार निघाली असेल तर ती अजून वाटेत आहे. मग मार्चात आबांचं पत्र आलं. वस्तीत वाचता येणारं कुणी नव्हतं, म्हणून आजी सासऱ्याबरोबर वरच्या आळीला मास्तरांकडे गेली. ती खाली अंगणात उभी राहिली आणि मास्तरांनी ओट्यावरून पत्र वाचलं. तिला ते अजून पाठ आहे. तिनं मला म्हणून दाखवलं.

"मी सध्या युद्धकैद्यांच्या छावणीत आहे. छावणीला काटेरी तारेचं कुंपण आहे. जेवण बरं आहे. पाय दुखतो. इथून सुटका केव्हा होईल ते वरचे लोक सांगत नाहीत. काळजी करू नये."

"झालं," आजी म्हणाली. "मास्तर उभ्या उभ्या रडाया लागला. समदा गाव गोळा झाला. म्या बी रडले. दीड वरीस रडले."

"ड्युटीवरनं सुटका म्हनायचं व्हतं मला," आबा म्हणाले. "बदली कवा व्हईल, त्ये. लिव्हताना वाटलं, समजंल."

"आणि परत आल्यावर सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! दोनदा सांगितलं. पयल्यांदा सांगितलं तर समदं म्हनलं, बिचाऱ्यानं लई सोसलं, डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्यांदा सांगितलं तर मास्तर म्हनला, कुशा, असा नम्रपना पायजे." त्यांनी पाय आखडून घेतला. "मंग हिनं गप केलं."

आजीनं मान हलवली. "व्हय, म्याच गप केलं. ह्ये आलं तवा गावानं फाट्यापासनं बैलगाडीत बसवून वाजत आनलं. वरच्या आळीतनं. देवळाच्या म्होरनं. त्या वाटंनं आमच्यातलं मानूस तवर पायातली वहान हातात घेऊन जात व्हतं. मास्तरच्या ओट्यावर बसवलं ह्यास्नी. मला बी वर बोलावलं. चहा दिला, कपबशीत. तवर आमच्यासाठी गोठ्यात निराळा जरमनचा पेला टांगलेला असायचा, त्यो आपलाच आपन धुवायचा." ती पुन्हा सूप हातात घेत म्हणाली, "ह्ये पहारेकरी व्हते म्हनून सांगितलं असतं, तर कुनी आनायला आलं असतं? खालच्या वाटंनं आलं असतं घरी. म्हनलं, राहू दे. कैदी तर कैदी."

माझ्या कामात खोट्या अनुभवाची कारणं लिहायला एक रकाना असतो. त्यात 'कपबशी' कुठं बसवायची, ते मला अजून सुचलेलं नाही.

उरलेली पानं मी चाळली. शेवटून दुसरं पान निराळं होतं. वर 'वर्तणूक' असं होतं आणि मूळ कागदावरची एक नोंद झेरॉक्समध्येही फिकट, वेगळी उमटली होती. बाजूला टाइप केलं होतं: नोंद लाल शाईत.

"ते बी वाच," आबा म्हणाले. "त्येच तर खरं हाय."

जुलै बाहत्तर. छावणीतल्या युद्धकैद्याचं पत्र परवानगीविना बाहेर नेऊन टपालात टाकलं. शिक्षा: अठ्ठावीस दिवस सश्रम कैद.

मी आयुष्यात पहिल्यांदा आबांना नीट प्रश्न विचारला आणि त्यांनी पहिल्यांदा नीट उत्तर दिलं. ते असं.

त्या अकरा डिसेंबरला आबांची उडी वाऱ्यानं लांब नेली. ते ढाक्याच्या उत्तरेला कुठल्याशा गावच्या तळ्यात पडले, छत्रीसकट. शत्रूच्या छातीवर वगैरे काही नाही, गुडघाभर शेवाळात. घोटा मुरगळला होता, दारूगोळा भिजला होता. मागं हटणारे चार पाकिस्तानी शिपाई तळ्यावर पाणी भरायला आले, त्यांना हा मासा आयता सापडला. त्यांनी आबांना एका शाळेच्या खोलीत कोंडलं. त्या चौघांतल्या याकूब नावाच्या एकानं आबांचे ओले कपडे वाळत घातले, आपली लुंगी दिली आणि घोट्याला फडकं आवळून बांधलं. खायला त्यांनाच नव्हतं. होतं त्यातला मूठभर भात मिळायचा.

"मारलं नाही?"

"पयल्या दिशी एकानं दोन ठेवून दिल्या. मंग त्यास्नीच कंटाळा आला. त्ये आमच्यापरीस जास्त भ्यालेलं व्हतं, पोरी."

सोळा तारखेला दुपारी दार उघडलं. याकूब आत आला, आपली रायफल आबांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "जंग खत्म. अब तू सँभाल." पाच दिवसांचा कैदी एका क्षणात चार जणांचा पहारेकरी झाला. आबा लंगडत, लुंगीवरच, त्या चौघांना घेऊन आपल्या पलटणीपर्यंत चालत गेले. पलटणीतल्या सुभेदारानं आधी त्यांनाच पाचवा कैदी म्हणून ओळीत बसवलं.

पुढं छावणीत पहाऱ्यावर असताना तिथं एक वयस्कर कैदी होता, स्वयंपाकी. फाळणीत तो तिकडं गेला, बहीण इकडं मुंबईत राहिली. छावणीतली पत्रं ठरलेल्या मार्गानं, तपासून, देशोदेशी फिरून जात. सहा महिने झाले तरी त्याला कुणाचं उत्तर नव्हतं. मुंबई तिथून रेल्वेनं एका रात्रीवर. तो रोज आबांना म्हणायचा, मी जिवंत आहे एवढंच तिला कळव.

"मला पाच दीस कुनाला काय कळवता आलं न्हाई," आबा म्हणाले. "त्या पाच दिसांत ह्येच डोक्यात. मार खाल्लेला इसारलो, पन त्ये न्हाई इसारलो. म्हनलं, देऊ टाकून. आंतर्देशीय आनलं, त्यानं लिव्हलं, म्या पेटीत टाकलं."

"मग कळलं कसं?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मागं पाठवनाऱ्याचं नाव लिव्हायचं असतं ना? त्ये म्या माझं लिव्हलं. नाव, नंबर, छावनीचा पत्ता."

"स्वतःचं खरं नाव?"

"मंग कुनाचं लिव्हू?"

बहिणीला पत्र पोचलं. तिला इतका आनंद झाला की तिनं छावणीच्या पत्त्यावर शिपाई कुशाबा ओव्हाळ यांच्या नावे हलव्याचा डबा पाठवला, आत आभाराचं पत्र घालून. त्यात भावाचं नाव, तब्येतीची चौकशी, सगळं तपशीलवार. पार्सल तपासणाऱ्या साहेबानं ते वाचलं. हलवा जप्त झाला आणि आबा आत गेले. त्यानंतर पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत त्यांना बढती मिळाली नाही. शिपाई म्हणून गेले, शिपाई म्हणून आले.

"शत्रूनं पाच दीस ठिवलं," आबा म्हणाले, "आन आपल्यांनी अठ्ठावीस. आपल्याकडं जेवान मातूर येळेवर."

पुढच्या रविवारी अण्णासाहेब कागद बघायला आले. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा जमिनीचा सौदा फिसकटल्यासारखा होत गेला.

"पाच दीस?" ते म्हणाले. "आवो, पाच दीस तर मानूस इस्पितळात बी काढतो. पाच दिसांवर कमान कशी हुबी राहनार?"

मग त्यांनी डोळे मिटून विचार केला. गावात उगीच कुणाला साहेब म्हणत नाहीत. डोळे उघडून ते म्हणाले, "असं करू. 'अठरा महिने युद्धकैद्यांच्या छावणीत' एवढंच लिव्हू. कुनाचे कैदी, कुनाची छावनी, न्हाई लिव्हायचं. ह्यात खोटं काय हाय? आन वृषालीताई, ते लाल शाईचं पान तेवढं फाइलीतनं सुटलं तर? पानं सुटत्यात कदी कदी."

प्रामाणिकपणे सांगते, मला ते वाक्य आवडलं. खोट्याचा एकही शब्द न वापरता इतकं मोठं खोटं रचणारा उमेदवार मी चार वर्षांत पाहिला नव्हता. आजीच्या कपबशीचीही मला आठवण झाली. पन्नास वर्षं जे चाललं, ते आणखी थोडी वर्षं चालायला काय हरकत होती? मी आबांकडे पाहिलं.

"लिव्हायचं तर समदं लिव्हा," आबा म्हणाले. "तळ्यात पडलो, त्ये लिव्हा. पाच दीस लिव्हा. लाल शाईचं बी लिव्हा, अठ्ठावीस दीस, कशापायी त्ये बी. न्हाईतर कायबी लिव्हू नका."

"कुशाबाबा, कमानीवर कुनी शिक्षा लिव्हतं का?"

"मंग नगं कमान."

"गावाचा मान हाय त्यो!"

"अण्णा," आबा शांतपणे म्हणाले, "गावानं मला जो मान दिला त्यो कैद्याला दिला. त्यो कैदी म्या न्हवतो. तवा मला गरज व्हती, म्या घेतला, गप बसलो. आता गरज न्हाई. आता म्या हाय त्यो बघा. पटला तर पटला."

अण्णासाहेब चहा न घेता उठले. जाताना त्यांनी "येतो कुशाबा" म्हटलं. 'बाबा' दारातच गळून पडलं होतं.

दोन दिवसांत गावभर झालं. ज्यांनी आबांची नखं उपटली होती, तेच आता म्हणू लागले, आम्हाला आधीपासून शंका होतीच. चावडीवर एकानं हिशेब मांडला की छत्रीवाला कुशा आपल्याच तुरुंगात जास्त राहिला, म्हणजे तो देशद्रोही ठरतो. दुसऱ्यानं हलवा कुठल्या दुकानातला होता, ते विचारलं. आजी दळण घेऊन वरच्या आळीतून गेली तेव्हा एक बाई म्हणाली, "फसवलंत की वो आमाला." आजी म्हणाली, "व्हय बया. पन्नास वर्सं ताठ मानंनं फसवलं. त्याआदी तुमी आमाला किती वर्सं फसवलं, त्ये बी मोज एकदा." तिनं हे मला घरी येऊन तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्याच ठसक्यात.

निधी मात्र मंजूर झाला होता आणि मंजूर निधी परत पाठवणं हा दांडेवाडीत सर्वांत मोठा देशद्रोह आहे. कमान हवी, तर शूर हवा. अण्णासाहेबांनी आठवडाभर शोध घेतला आणि शूर त्यांच्याच घरात सापडला. त्यांचे दिवंगत वडील, नाना. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या विमानांना गाव दिसू नये म्हणून नानांनी दांडेवाडीत ब्लॅकआउट केला होता. रोज संध्याकाळी घरोघर फिरून ते दिवे मालवायला लावायचे. दांडेवाडीत वीज आली ती त्यानंतर नऊ वर्षांनी, पण शौर्याच्या आड वीज येत नाही. या वेळी सेवा-नोंद कुणी मागितली नाही. अण्णासाहेबांनी स्वतःच दाखला दिला.

सव्वीस जानेवारीला उद्घाटन झालं. वरून येणाऱ्या पाहुण्यांची अट होती की फीत माजी सैनिकानं कापावी, आणि गावात माजी सैनिक एकच होता. आबांना बोलावणं आलं. मला वाटलं ते म्हशीकडे जातील. पण त्यांनी कोट घातला, पदकं लावली, आजीला ठेवणीतली साडी नेसायला लावली आणि निघाले. फीत कापली. मग पाहुण्यांनी आग्रहानं माइक त्यांच्या हाती दिला. अण्णासाहेबांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला.

आबांनी कमानीकडे वर पाहिलं. 'ब्लॅकआउटवीर' असं सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं.

"म्या तवा लढाईत व्हतो, त्यामुळं सोता पाह्यलं न्हाई," ते म्हणाले. "पन आमच्या मंडळींनी सांगितलंय. नाना रोज आमच्या वस्तीत बी येत व्हते. आमच्यात कंदील एकच, त्यात बी राकेल नसायचं. तरी नाना येऊन अंधार तपासून जायचे. अंधार चांगला हाय म्हनायचे. जय हिंद."

आधी बायका हसल्या, मग पोरं, मग पाहुणे. अण्णासाहेबही हसले, कारण फोटो निघत होते. आजी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पाहुण्यांनी आपल्या हातातली पाण्याची बाटली तिला दिली.

फेब्रुवारीत पेंढा विकायचे दिवस आले. आमच्या खोऱ्यातला पेंढा ट्रकांत भरून गोठेवाल्यांकडे जातो. ट्रकावर तो दोन माणसांइतका उंच रचतात. पहिलाच ट्रक फाट्याकडे निघाला आणि कमानीखाली अडकला. ठेकेदारानं कमान फार्महाउसवाल्यांच्या गाड्यांच्या मापानं बांधली होती. ड्रायव्हर खाली उतरला, वर बघून त्यानं नाव वाचलं आणि नानांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून प्रत्येक ट्रकामागं हेच चाललंय. वरचा पेंढा उतरवायचा, ट्रक काढायचा, पुन्हा रचायचा आणि तोवर शिव्या. त्याही नाव घेऊन, कारण नाव समोरच लिहिलेलं आहे.

एका शनिवारी मी कामावरून आले, तेव्हा आमच्याच पेंढ्याचा ट्रक तिथं अडकला होता. आबा शहात्तराव्या वर्षी वर चढून पेंढ्या खाली टाकत होते. मी म्हटलं, "आबा, वाईट वाटतं का हो? खरं तर तुमचं नाव असायचं तिथं."

आबांनी खालून नानांच्या नावानं चाललेल्या ड्रायव्हरच्या शिव्या ऐकल्या. मग एक पेंढी माझ्या अंगावर टाकली.

"धर नीट," ते म्हणाले. "अजून साठ हायेत."